उंबऱ्याबाहेरचे जोडे

आपल्याकडे पाहुणा दारात आला की पहिले बोलणे होते ते तोंडाने नव्हे, पायाने. वहाणा कुठे काढल्या, सरळ ठेवल्या की भिरकावल्या, पाय पुसले की तसाच आत आला, यावरून घरातली म्हातारी माणसे त्याचे घराणे ओळखीत. आपण सगळ्याजणी हे रोज पाहतो, म्हणून त्यात लिहिण्यासारखे काही असेल असे वाटत नाही. पण मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा आग्रह झाला तेव्हा मी हाच विषय घेतला. याला कारण आपले रत्नागिरी गाव. आपल्या गावात एक राजा तीस वर्षे कैदेत राहिला आणि त्याचे राज्य जाण्याच्या हकिकतीत जोड्यांचाही वाटा होता. थिबा राजाचा राजवाडा आपण मुलांना दाखवतो, पाहुण्यांना नेतो, पण ही जोड्यांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

त्या गोष्टीकडे येण्याआधी आपल्या घराकडे पाहू. आमच्या आजीचे घर जांभ्या चिऱ्याचे. पुढे खळे, मग पायऱ्या, मग पडवी आणि ओटी. पायरीच्या एका बाजूला दगडी डोण पाण्याने भरलेली आणि वर तांब्या उपडा. आलेला माणूस वहाणा खळ्याच्या कडेला काढी, पायांवर पाणी घेई, बारदानावर पाय पुसून मग वर चढे. त्यानंतर गूळपाणी. कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने लाल चिखल, आणि आतली जमीन शेणाने सारवलेली. त्याच जमिनीवर पाने मांडायची, तिथेच तान्हे मूल रांगायचे, रात्री तिथेच अंथरूण. अशा जमिनीवर कोणी जोडा घालून आला तर बाईचे सकाळचे सगळे काम एका पावलाने फुकट. सारवण कोणाच्या हाताने होते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या नियमाचे मूळ शोधायला पोथी उघडावी लागणार नाही. सोवळेओवळे आणि चामड्याचा विटाळ या गोष्टी होत्याच, पण माझ्या मते आधी जमीन आणि मग शास्त्र.

साहेबाचे घर वेगळे. थंड मुलूख, गार फरशी, बसायला खुर्ची, जेवायला टेबल, निजायला पलंग. जमिनीशी त्याचा संबंध फक्त बुटाच्या तळाचा. तेव्हा आदर दाखवायचा तर तो डोक्यावरची टोपी काढी. आपल्याकडे नेमके उलटे. पागोटे डोक्यावर राहिले पाहिजे, उघडे डोके अशुभ. आणि पाय मात्र उघडे पाहिजेत. एकजण वरून उघडा होतो, एकजण खालून. दोघेही आपापल्या परीने सभ्यच. पण ही दोन माणसे एका दिवाणखान्यात आली आणि त्यांतला एक राज्यकर्ता झाला, की तंटा ठरलेला.

आपल्या मराठी राज्यात जोड्याला केवढा अर्थ होता हे महादजी शिंद्यांच्या गोष्टीवरून कळते. महादजींचे वडील राणोजी. ते पेशव्यांच्या पदरी जोडे सांभाळण्याच्या कामावर होते आणि धनी आत बसले असता जोडे छातीशी धरून झोपी गेले, ते पाहून पेशव्यांनी त्यांना वर चढवले, असे सांगतात. पुढे १७९२ साली महादजी पुण्यास आले तेव्हा दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती होता. हिंदुस्थानात त्यांच्या तोलाचा सरदार नव्हता. तरी तरुण सवाई माधवरावांच्या भेटीत त्यांनी काखेतून गाठोडे काढले, त्यात नव्या जोड्यांची जोडी होती. ती त्यांनी पेशव्यांपुढे ठेवली, पेशव्यांचे जुने जोडे काखेत घेतले आणि वडिलांचे काम तेच माझे, असे म्हणाले, अशी हकिकत आहे. यात नम्रता किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार पुष्कळ बोलले आहेत. मला वाटते दोन्ही होते. सासरी आलेली हुशार सून जशी पदर घेऊन वाकते आणि किल्ल्याही कनवटीला ठेवते, तसेच ते.

इंग्रजी अंमल आला तेव्हा साहेबांनी आपल्याच लोकांचा हा रिवाज आपल्यावर उलटवला. कचेरीत, दरबारात जाताना नेटिवाने जोडे बाहेर काढावेत, हा सक्तीचा नियम झाला. साहेब मात्र बूट घालून खुर्चीवर. घरात यजमानही अनवाणी आणि पाहुणाही अनवाणी असतो, तेव्हा त्यात कमीपणा कोणालाच नाही. एक बूट घालून बसला आणि दुसरा अनवाणी उभा राहिला की त्याच रिवाजाचा अर्थ बदलतो. मग जे लोक विलायती बूट आणि मोजे घालू लागले त्यांनी तक्रार केली. १८५४ साली बंगालमध्ये हुकूम निघाला की, युरोपियन पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांना सरकारी समारंभात ते पायांत ठेवण्यास हरकत नाही. १८६८ साली ही मुभा आणखी वाढवली. म्हणजे काय झाले? विलायती बुटाला आत वाट, आणि देशी जोडा दाराबाहेरच. मान माणसाला नव्हता, बुटाला होता.

यावरून भांडणे व्हायची ती झालीच. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी असेसर होते. जोडे काढून आत या असे सांगितल्यावर त्यांनी नकार दिला आणि त्यावरून मोठा वाद माजला. बंगालमधले ईश्वरचंद्र विद्यासागर हे तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. विधवाविवाहाचा कायदा व्हावा म्हणून झटलेले गृहस्थ. धोतर, अंगावर चादर आणि पायांत साध्या देशी चपला, असा त्यांचा वेश. १८७४ साली ते कलकत्त्याच्या म्युझियमच्या इमारतीत गेले, तेव्हा पहारेकऱ्याने अडवले. चपला बाहेर काढा, नाहीतर हातात घ्या, असे सांगितले. बूट घातलेले लोक त्याच दारातून खुशाल जात होते. विद्यासागर तिथूनच मागे फिरले. नुसते फिरले नाहीत, घरी येऊन त्यांनी व्यवस्थापकांना पत्र घातले की, हा भेद कशाच्या आधारावर? एवढ्या विद्वान माणसाला काय गरज होती एका चपलेसाठी भांडायची, असे कोणी म्हणेल. चपलेसाठी ते भांडलेच नव्हते.

आता ब्रह्मदेश. तिथला रिवाज आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून कडक. घरात, मठात, पॅगोड्याच्या आवारात पायांत काही घालायचे नाही, आणि राजापुढे तर जमिनीवर पाय मागे दुमडून बसायचे. तळवा राजाकडे होता कामा नये. १७९५ पासून इंग्रजांचे वकील तिथे जात होते. त्यांना हे आवडत नसे, कुरकुर चाले, पण जोडे काढीत. १८५५ साली फेअर नावाचा साहेब मोठा लवाजमा घेऊन मिंडॉन राजाच्या दरबारी गेला, तोही जोडे काढूनच बसला. १८७५ साली सर डग्लस फॉर्साइथ गेले, त्यांनीही काढले. पण ते परतल्यावर हिंदुस्थान सरकारने ठरवले की, यापुढे आमचा रेसिडेंट जोडे काढणार नाही आणि जमिनीवर बसणार नाही. इकडे मिंडॉन राजा म्हणजे थिबाचे वडील. मोठा शहाणा आणि धार्मिक राजा होता. त्याचे म्हणणे, माझ्या घरात माझा रिवाज. झाले, तेव्हापासून इंग्रज रेसिडेंट मंडालेत राही, पण त्याला राजाची भेट होईना. पुढे १८७९ साली तो रेसिडेंटही काढून घेतला.

याचा परिणाम काय झाला तो आपण बायकांनी चटकन ओळखावा. दोन घरांत बोलणे बंद झाले की मधल्या माणसांचे फावते. सरळ विचारले असते तर मिनिटात सुटले असते ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकून गाठी बसत जातात. १८७८ साली मिंडॉन वारले आणि एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला. राजवाड्यात नात्यातल्या माणसांची कत्तल झाली, त्याचा बोभाटा झाला. फ्रेंचांशी त्याचे बोलणे चालले आहे म्हणून इंग्रज बिथरले. आणि शेवटी सागवानाचा तंटा निघाला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही आपल्या मुंबईत निघालेली कंपनी, तिच्यावर १८८५ साली राजाच्या मंत्रिमंडळाने सुमारे २३ लाख रुपयांचा दंड बसवला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला. त्यातल्या अटींत एक अशी होती की, आमच्या वकिलाला अपमानकारक उपचार पाळावे न लागता राजाची भेट मिळाली पाहिजे. अपमानकारक उपचार म्हणजे मुख्यतः काय, ते आता सांगायला नको. नोव्हेंबरात फौज निघाली आणि महिना संपायच्या आत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी तो मुलूख इंग्रजी राज्याला जोडल्याचे जाहीर झाले.

जोड्यांवरून लढाई झाली असे मी म्हणणार नाही. सागवान होते, माणके होती, फ्रेंचांची धास्ती होती. पण दहा वर्षे राजा आणि वकील समोरासमोर बसलेच नाहीत, आणि त्याला कारण जोडे, एवढे मात्र खरे. राजवाडा पडल्यावर त्याच्या काही दालनांत इंग्रजांनी आपला क्लब थाटला. ज्या दालनांत जोडे घालून पाऊल टाकायची मुभा नव्हती, तिथे साहेबलोक बुटांसकट पाय पसरून बसू लागले. १९०१ साली लॉर्ड कर्झन तिथे गेले तेव्हा त्यांनाच ते बरे दिसले नाही आणि क्लब हलवण्याचा हुकूम झाला.

थिबा राजाला आधी मद्रासला नेले आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणले. बरोबर दोन राण्या, मुली, दासदासी. वय सत्तावीस. प्रथम ते भाटे खाडीकडच्या टेकडीवरच्या वाड्यात नव्हते. तो जांभ्या दगडाचा आणि ब्रह्मी सागाचा वाडा १९१० साली पुरा झाला. तोवर चोवीस वर्षे साहेबलोकांच्या बंगल्यांत काढली. वाड्यात जेमतेम सहा वर्षे राहायला मिळाली आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. धाकट्या राणीची समाधीही इथेच आहे. थोरली राणी सुपयालत १९१९ साली मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परत गेली.

योग असा की त्याच १९१९ साली तिकडे जोड्यांचा प्रश्न पुन्हा पेटला होता. राजा गेला तरी पॅगोडे होते आणि तिथे युरोपियन लोक बूट घालून फिरत. १९०१ साली रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्यावर बूट घालून आलेल्या पोलिसाला एका बौद्ध भिक्षूने हटकले होते. गंमत म्हणजे हा भिक्षू जन्माने आयरिश, आणि तो पोलीस आपला हिंदुस्थानी! १९१६ पासून तिथल्या तरुण बौद्धांच्या संघाने चळवळ धरली. लेडी सयाडो नावाच्या थोर भिक्षूने त्यावर पुस्तिका लिहिली. (लेडी हे मठाचे नाव, बाई नव्हे. मीही प्रथम वाचले तेव्हा चमकले.) १९१९ च्या ऑक्टोबरात मंडालेच्या एका पॅगोड्यात बूट घालून आलेल्या युरोपियनांवर भिक्षूंनी हल्ला केला. त्यांच्या म्होरक्याला जन्मठेप झाली. आणि एवढे झाल्यावर सरकारने मान्य केले की, पॅगोड्यात जोडे काढायचे की नाही हे त्या त्या पॅगोड्याच्या प्रमुखाने ठरवावे. म्हणजे मिंडॉन राजा जे म्हणत होता तेच, चव्वेचाळीस वर्षांनी. घर ज्याचे, रिवाज त्याचा. २०१२ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा श्वेडगोनला गेले तेव्हा ते बूटच नव्हे, मोजेही काढून अनवाणी फिरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, अध्यक्ष आपल्या रत्नागिरीत येऊन थिबा राजाच्या समाधीचे दर्शन घेऊन गेले, हे पुष्कळजणींना आठवत असेल.

दुसऱ्याचा रिवाज वाईट म्हणून इंग्रजांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या गावगाड्यात काय चालत होते? वरच्या आळीतून जाताना पुष्कळ ठिकाणी दलितांना वहाणा पायांतून काढून हातात किंवा काखेत घ्याव्या लागत. उन्हाने तापलेली वाट असली तरी. ज्याने रात्र जागून वहाण शिवली त्यालाच ती पायात घालून गावातून चालायची मुभा नाही. तिथे सारवलेली जमीनही नव्हती, देवघरही नव्हते, नुसता रस्ता. तेव्हा स्वच्छतेची सबब तिथे लागू पडत नाही. बायकांचेही तसेच. माझी आजी पन्नाशी उलटेपर्यंत अनवाणीच होती. चांगल्या घरच्या बायकांनी वहाणा घालायच्या नसतात, असे तिला सांगितलेले. पुढे आजोबांनी चपला आणून दिल्या तर ती त्या पिशवीत घालून नेई आणि वेशीबाहेर गेल्यावर पायांत घाली. तिच्या टाचांच्या भेगा मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. त्यांत कोकम तेल भरता भरता ती आम्हाला गोष्टी सांगे.

आता आपल्याकडची आजची रीत पाहा. बेल वाजते, कोणी मोठ्या हुद्द्याचे गृहस्थ दारात असतात. ते वाकून बुटाचे बंद सोडू लागतात तोच आपण म्हणतो, असू द्या हो, राहू द्या, या तसेच. मागाहून नळ दुरुस्त करणारा येतो, गॅसची टाकी घेऊन माणूस येतो, त्याला मात्र आपण दारातूनच बजावतो, चपला बाहेर काढ. लादी तीच, पुसणारी बाईही तीच. टाकी खांद्यावर घेऊन एका पायावर तोल सावरत चप्पल काढणारा तो मुलगा पाहिला म्हणजे मला ते १८५४ चे फर्मान आठवते. बुटाला आत वाट आणि चपलेला दाराबाहेर. नियम ठेवायचा तर सगळ्यांना ठेवा, नाहीतर त्यालाही म्हणा, राहू दे बाबा, टाकी आधी ठेव.

याच्या उलट बाजूलाही एक अडचण आहे, आणि खरे म्हणजे तीच मला मंडळापुढे मांडायची आहे. आपल्या मंडळातल्या एक ज्येष्ठ भगिनी गेल्या वर्षापासून हळदीकुंकवाला येत नाहीत. त्यांना मधुमेह आहे, पायांची संवेदना कमी झालेली आहे. टाचणी टोचली, खडा रुतला तरी त्यांना कळत नाही, आणि न कळलेली जखम मधुमेहात किती वाढते हे आपल्यातल्या अनेकींनी घरात पाहिले आहे. डॉक्टरांनी त्यांना घरातसुद्धा अनवाणी चालू नका असे निक्षून सांगितले आहे. मऊ तळाच्या एमसीआर चपला त्यांना कायम लागतात. लोकांच्या घरी चपला घालून आत जाणे त्यांना ब्रह्महत्येसारखे वाटते आणि काढून जाणे जिवावरचे. मग त्या घरीच बसतात. कोणाला कारण सांगत नाहीत. पाय दुखतात म्हणतात. गुडघ्यांमुळे वाकता न येणाऱ्या, दारात चप्पल काढताना भिंत धरणाऱ्या आणखीही आहेत.

यावर एक जुना तोडगा आहे आणि तोही दरबारातलाच. ब्रह्मदेशासारखाच पायताण बाहेर काढण्याचा कडक रिवाज जपानात. १८५७ साली अमेरिकेचा वकील टाऊनसेंड हॅरिस हा तिथल्या शोगुनच्या भेटीला एदो शहरी गेला. त्याला जोड्याशिवाय जायचे नव्हते आणि जपान्यांना बाहेरची धूळ आत नको होती. त्याने काय करावे? कोऱ्या जोड्यांची एक जोडी बरोबर घेतली आणि वाड्यात शिरताना ती पायांत चढवली. चटया स्वच्छ राहिल्या, त्याचाही मान राहिला आणि बोलणी पुढे चालली. ज्या प्रश्नापायी मंडालेत दहा वर्षे भेट झाली नाही, तो इथे एका गाठोड्याने सुटला. महादजींच्या काखेतही कोरे जोडेच होते, ते निराळ्या कारणाने.

तेव्हा माझी सूचना अशी. ज्यांना अनवाणी चालणे वर्ज्य आहे त्यांनी घरात वापरायच्या धुतलेल्या चपलांची एक जोडी कापडी पिशवीत आणावी आणि यजमानीणबाईंनी त्यावर भुवया उंचावू नयेत. देवघर आणि स्वयंपाकघर सोडून त्या चपलांनी वावरायला हरकत नसावी. ज्या घरी तेवढेही चालत नसेल तिथे मोठ्या मनाने दाराजवळच खुर्ची टाकून हळदीकुंकू तिथे आणून द्यावे. मंडळाच्या सभागृहाच्या दारात एक लाकडी बाक आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्यावी. सुताराला विचारले आहे, तो श्रावणाच्या आत करून देतो म्हणतो. आणि त्या भगिनींकडे निरोप घेऊन कोणी मुलगी धाडू नये. दोघीतिघींनी स्वतः जावे, आणि जाताना पिशवी बरोबर न्यावी, म्हणजे बोलण्याचे काम अर्धे होईल.